तुम्ही विचारलंत म्हणून: गेममुळे मूल आणखी एकटं पडणार नाही का?

स्वमग्न किंवा एडीएचडी (लक्ष टिकवायला अडचण, अतिचंचलता) असलेल्या मुलांचे पालक विचारतात, वर्गशिक्षकही विचारतात: आधीच त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्यात तुम्ही व्हिडिओ गेम देणार?

एकट्याने खेळायचा दिला तर पडेलच एकटं. आणि 'दोघांनी मिळून' असं लिहिलेला कुठलाही गेम चालतो असंही नाही. बऱ्याच गेममध्ये एक चटपटीत मूल सगळं उरकतं आणि दुसरं त्याच्यामागे फिरत राहतं. म्हणून आधी एक बघायचं: एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, अशी रचना आहे का? लेगोचे ठोकळे मिळून जोडत संवाद शिकवणाऱ्या लेगो थेरपीत हेच करतात. एकाकडे आराखडा, दुसऱ्याकडे तुकडे, तिसरा जोडणारा.

व्हिडिओ गेममध्ये याला सगळ्यात चपखल बसतो 2015 चा 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स'. लॅपटॉप एकच लागतो. वेळ संपायच्या आत बॉम्ब निकामी करायचा असतो, पण तो फक्त एकाला दिसतो. बाकीच्यांकडे तो कसा निकामी करायचा याची 23 पानांची पुस्तिका, जी नेटवर फुकट मिळते आणि छापून घेता येते. सगळी पानं देऊ नका. पहिल्या बॉम्बला तीनच भाग असतात: तारा, बटण, चिन्हं. तेवढीच पानं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून काढा.

तीन तारांचा नियम बघा. लाल एकही नसेल तर दुसरी काप. नाहीतर, शेवटची पांढरी असेल तर शेवटची काप. नाहीतर, निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी. यातलं काहीच नसेल तर शेवटची. 'अरे, ती काप ना!' म्हणणारं बोलकं मूल इथे हमखास अडतं. शब्दाला शब्द धरून, क्रमाने वाचणाऱ्या मुलाचं मात्र सगळ्यांना ऐकावं लागतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की स्वमग्न आणि इतर माणसांमधला समजुतीचा घोळ दोन्ही बाजूंचा असतो. तो इथे पाच मिनिटांत दिसतो, आणि सुधारायची गरज फक्त एकालाच नाही हेही वर्गाला कळतं.

चिन्हांच्या भागात तर मुलांना नावंच पाडावी लागतात. 'फुगा', 'पोकळ चांदणी' वगैरे. ही नावं नंतर मधल्या सुट्टीतही ऐकू येतात. मला विचाराल तर मूल गटात मिसळल्याची ती खूण गुणांच्या तक्त्यापेक्षा भरवशाची.

गट तिघांचा ठेवा. 'मदतनीस' म्हणून हुशार मुलं नेमू नका, त्या मुलाशी आवड जुळणारी घ्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. भूमिकांची कार्डं (कोण स्क्रीनपुढे, कोण पुस्तिका धरणार) टेबलावर उघडी ठेवा, पण कोणाला बरेच दिवस पुस्तिकाच धरायची असेल तर धरू द्या. न बोलणाऱ्या मुलासाठी रंगांची आणि 'थांब', 'पुन्हा सांग' अशी कार्डं करा. रंग ओळखायला अडचण असेल तर स्क्रीनपुढे बसून तारांचा आणि बटणाचा भाग अवघड जाईल, हे आधी तपासा.

बिघडतं ते बहुधा आवाजामुळे. चूक झाली की बॉम्बचं घड्याळ जोरात पळतं, टिकटिक वाढते. तिसऱ्या चुकीला स्फोट. म्हणून आवाज सुरुवातीपासून बंद. पहिल्या दिवशी मुद्दाम चुकीच्या तारा कापून स्फोट दाखवून टाका, म्हणजे धसका राहत नाही. बॉम्ब या कल्पनेचीच भीती असेल तर हा गेम नको. ठोकळ्यांनी बांधकाम करायचा माइनक्राफ्ट गेम क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथे हरणं नसतं), कामं वाटून खेळवा.

दुसरा घोटाळा मोठ्यांचा. मूल अडखळलं की शिक्षक मध्ये पडून 'तो म्हणतोय...' सुरू करतात. मग मुलं शिक्षकांशीच बोलतात. फार तर 'त्याला विचार' एवढंच म्हणा. 'तुझ्यामुळे फुटला' हे ऐकू आलं की खेळ थांबवून कुठलं वाक्य अपुरं होतं ते तिघांना शोधायला लावा.

एखाद्याला पुस्तिका पाठ झाली की तो बाकीच्यांना बोलूच देत नाही. तेव्हा त्याला स्क्रीनपुढे बसवा आणि पुस्तिका दुसऱ्यांकडे द्या. आणि अर्धा तास झाला म्हणून खेळ मध्येच तोडू नका. 'अजून एक बॉम्ब, मग बंद' असं आधीच सांगा.