काळं फुलपाखरू अशुभ असतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोल्हापुरात, राजारामपुरीत माझं टॅटूचं छोटं दुकान आहे. फुलपाखरू काढायला आलेल्या मुली हमखास विचारतात, "ताई, कुठल्या रंगाचा अर्थ काय? काळं चालतंय न्हवं?"

निळं म्हणजे नशीब, पांढरं म्हणजे शांती, काळं म्हणजे मरण, हे त्यांनी मोबाइलवर वाचलेलं असतं. काही अर्थांना खरंच मूळ आहे. जुन्या ग्रीक भाषेत आत्मा आणि फुलपाखरू या दोन्हींना एकच शब्द होता. मेक्सिकोत नारिंगी मोनार्क फुलपाखरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात. लोक म्हणतात, आपली गेलेली माणसंच आली.

पण काळ्यासाठी मी भांडते. सवाष्णीच्या गळ्यात काळे मणी, बाळाच्या गालावर काळी तीट, संक्रांतीला काळी चंद्रकळा. आपल्याकडे काळं राखण करतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू निवडलं ते नीलवंत, म्हणजे राणी पाकोळी. तिचे पंखही काळेच, त्यावर निळे पट्टे. शिवाय शाई वरच्या कातडीच्या खाली बसते, म्हणून तिचा रंग आपल्या सावळ्या रंगातूनच दिसतो. पांढरा, पिवळा त्यात मळकट होतो. काळा टिकतो. माझ्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन काजळीनंच गोंदलेलं, वयानं हिरवट झालेलं. ती म्हणायची, "सोनं हितंच राहतंय, गोंदण तेवढं संगं येतंय."

गेल्या पावसाळ्यात कागलहून एक बाई आली. तिला जांभळंच हवं होतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली जुळ्यांपैकी एक बाळ गमावलेल्या एका आईनं सुरू केलेली खूण आहे ती: उरलेल्या बाळाच्या पाळण्यावर जांभळं फुलपाखरू लावतात, म्हणजे कुणी नकळत दुखावणारं बोलू नये. हिनं ते कुठंतरी वाचलं होतं. मनगटावर, अंगठ्याच्या नखाएवढं. मी रेघ पूर्ण केली आणि रंग भरायला घेतला, तेव्हा ती म्हणाली, "एकाच पंखात भरा." डावा जांभळा झाला. उजव्याची नुसती काळी रेघ ठेवली.

बाहेर बाकावर तिची सासू नातवाला घेऊन बसली होती. ती आत आली, सुनेचा हात धरून बराच वेळ बघत राहिली. मग बांगड्या मागे सारून स्वतःचं जुनं गोंदण तिच्या मनगटाशेजारी धरलं आणि मला विचारलं, "ह्ये जात न्हाई न्हवं कधी?"

"न्हाई, मावशी."