२ जानेवारी, ग्लासगो. आजही सुट्टी

आज दोन तारीख आणि इथे आजही सुट्टी. खाली इंग्लंडात लोक आज कामाला लागतात पण स्कॉटलंडात दोन जानेवारीलाही बँक हॉलिडे असतो, कारण एक तारखेला कुणी शुद्धीवरच नसतं असं ऑफिसातला एकजण म्हणतो. बाहेर चार वाजताच अंधार झालाय, पाऊस आडवा पडतोय, म्हटलं चला लिहू. काल आईने फोनवर परत तेच विचारलं, तिकडची माणसं कशी आहेत गं, नीट वागवतात ना? मी हो हो म्हटलं आणि विषय भाजीवर गेला. पण खरं सांगायचं तर ते दोन वाक्यांत मावत नाही.

आपल्याकडे पाहुणा आला की त्याला आधी बसवायचं. पाणी, चहा, पोहे, आणि तो ताट उचलायला लागला की "अहो राहू द्या, तुम्ही बसा". इथे कोणी बसवत बिसवत नाही. पहिल्या भेटीत चेष्टा करतात आणि दुसऱ्या भेटीत कामाला लावतात. सुरुवातीला मला हे रुक्ष वाटायचं, आता वाटतं की पाहुण्याला पाहुणा म्हणून फार वेळ ठेवायचंच नाही हा ह्यांचा हिशोब आहे.

परवाची रात्रच घ्या. ३१ डिसेंबरला इथे हॉगमने म्हणतात आणि ते ख्रिसमसपेक्षा मोठं असतं, कारण इथल्या चर्चला ख्रिसमस फारसा मान्य नव्हता, स्कॉटलंडात त्याची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींच्या लहानपणी वडील २५ डिसेंबरला कामावर जायचे. तर ह्या आजी संध्याकाळी वर आल्या आणि नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, बारा वाजून गेले की माझी बेल वाजव. पद्धत अशी की नवीन वर्षात घरात पहिलं पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर वर्ष चांगलं जातं. सोनेरी केसांचा दारात आला की अपशकुन, म्हणे पूर्वी तसा माणूस दारात आला म्हणजे व्हायकिंग लुटायला आलेत. खरंखोटं देव जाणे. नवरा म्हणाला मी उंच कुठे आहे, तर आजी म्हणतात, उंचीचं सोड, ह्या जिन्यात एवढे काळे केस दुसऱ्या कुणाकडे आहेत सांग! कोळशाचा तुकडाही त्यांनीच कागदात गुंडाळून आधी देऊन ठेवला, कारण येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं. मग बारानंतर हा कोळसा आणि शॉर्टब्रेडचा, म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचा, डबा घेऊन खाली उभा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजींनी व्हिस्की दिली आणि लगेच म्हणाल्या, आता त्या खुर्च्या जरा आतल्या खोलीत नेऊन ठेव.

काल दुपारी तिथेच जेवायला. एक जानेवारीला स्टेक पाय (pie) असतो, म्हणजे मैद्याच्या आवरणात बीफ भरून भाजलेला, आणि आम्ही बीफ खात नाही हे मी अडखळत सांगितल्यावर ना चेहरा पडला ना लेक्चर दिलं, दुसऱ्या ट्रेमधून मॅकरोनी पाय काढला. पायमध्ये मॅकरोनी! मैद्यात मैदा, पण चव बरी होती.

नोव्हेंबरातला केली (ceilidh), म्हणजे इथला गाण्या-नाचाचा कार्यक्रम, तो तर लिहायचाच राहिला होता. ३० नोव्हेंबर, सेंट अँड्र्यू ह्या स्कॉटलंडच्या संताचा दिवस, ऑफिसातल्या लोकांनी हॉल घेतला होता. जेवायला हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून ओट्स आणि मसाल्यात शिजवलेलं, सोबत बटाटा आणि सलगमसारखा एक कंद कुस्करून. समोरचा माझं तोंड बघत होता की ही आता नाक मुरडणार, त्याला काय माहीत आम्ही वजडी खाऊन मोठे झालोय, मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर आख्खं टेबल खूश. मग नाच सुरू. मी साडी नेसलेली, कोपऱ्यात बसायचा विचार होता, पण कोपरा असा तिथे नसतोच, किल्ट घातलेले एक काका आले आणि हाताला धरून ओढूनच नेलं. स्ट्रिप द विलो नावाचा नाच आहे, पुरुषांची एक आणि बायकांची एक अशा दोन लांब रांगा समोरासमोर, आपण जोडीदाराबरोबर गरगर फिरायचं, मग समोरच्या रांगेतल्या पहिल्याकडे, परत जोडीदाराकडे, मग दुसऱ्याकडे, असं करत रांगेच्या शेवटपर्यंत. येत नसलं तरी काही अडत नाही कारण पुढचा माणूस आपल्याला दंडाला पकडून फिरवतो आणि बरोबर दिशेला फेकतो. अक्षरशः फेकतो. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत हॉलमधल्या अर्ध्या लोकांचे हात हातात येऊन गेलेले, आणि त्यानंतर कोणाशी ओळख करून घ्यायची गरजच उरत नाही. पदर खोचून नाचले. नऊवारी असती तर जास्त सोपं गेलं असतं.

आता हे सगळं गोड गोड झालं. पण आम्ही राहतो ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागात, केनम्युअर स्ट्रीट इथून चालत पाच मिनिटं, आणि १३ मे २०२१ ला, ईदच्या दिवशी, तिथे जे झालं ते मला ह्या सगळ्याच्या वरचं वाटतं. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. सकाळी होम ऑफिसची, म्हणजे व्हिसा-इमिग्रेशन बघणाऱ्या सरकारी खात्याची, व्हॅन आली, दोन भारतीय माणसांना घरातून उचलून आत बसवलं. एकजण सरळ व्हॅनखाली जाऊन झोपला, म्हणजे ती हलवताच येईना, मग शेजारपाजारचे जमायला लागले, होता होता शेकडो लोक रस्त्यावर बसले, हे आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना, एवढंच म्हणत. कुणी पाणी आणलं, कुणी खायला आणलं. सुमारे आठ तासांनी पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. आजींना विचारलं तर खांदे उडवून म्हणाल्या, मग काय करणार, घेऊन जाऊ द्यायचं होतं?

तरी हे गाव काही संतांचं नाही. ह्याच ग्लासगोत २००१ साली साइटहिल भागात आश्रय मागायला आलेल्या एका कुर्दिश माणसाचा खून झाला होता. आणि कोणता फुटबॉल संघ, हा प्रश्न पबमध्ये आला तर सेल्टिक की रेंजर्स ह्या उत्तरात धर्म बिर्म सगळं येतं (सेल्टिक कॅथलिकांचा, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा मानतात), त्यामुळे ऑफिसातल्यांनी मला आधीच पढवून ठेवलंय की पार्टिक थिसल ह्या तिसऱ्याच संघाचं नाव घ्यायचं. सगळे हसतात आणि विषय संपतो.

ऑक्टोबरमध्ये ग्लेनकोला गेलो होतो, डोंगरांतली दरी आहे. १६९२ च्या फेब्रुवारीत तिथे कॅम्पबेल घराण्यातल्या एका कॅप्टनच्या हाताखालचे सैनिक मॅकडोनाल्ड घराण्यातल्या लोकांच्या घरी दोन आठवडे राहिले, जेवले, पत्ते खेळले, आणि एका पहाटे वरून हुकूम आला म्हणून यजमानांनाच मारलं, ३८ च्या आसपास माणसं. त्या काळात माणसं तर कुठेही मारली जायची, पण ज्याचं मीठ खाल्लं त्याला मारलं हे इथल्या लोकांनी अजून सोडलेलं नाही. तिथल्या क्लाखेग इन ह्या खाणावळीत अजून पाटी आहे, फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. आता गंमत म्हणूनच आहे, आणि कॅम्पबेल आडनावाचे लोक मुद्दाम तिथे फोटो काढतात. पण तीनशे वर्षांवर झाली हो.

असो. आजी काल निघताना आणखी एक विचारत होत्या, स्कॉटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत तुम्ही मत देणार ना? मला वाटलं चेष्टा करतायत. तर खरंच देता येतं, भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे, व्हिसावर असलो तरी, नाव तेवढं यादीत नोंदवायचं. ऐकल्यावर त्यांनी लगेच कुणाला द्यायचं ते पण सांगून टाकलं आणि नवऱ्याने वाद घातला आणि तो वाद चांगला अर्धा तास चालला, मी मध्ये पडलेच नाही.

आत्ता दाराच्या हँडलला जिना धुण्याच्या पाळीचं कार्ड लटकवून गेल्यात. ह्या आठवड्यात आम्ही. म्हणजे उद्या सकाळी बादली आणि मॉप, आणि आजी खालून वर बघत उभ्या राहणार की कोपरे नीट पुसले का. नवरा आत्तापासूनच म्हणतोय की त्याची पाठ दुखतेय.