अंकलांचा डबा

२ डिसेंबरच्या रात्री आम्ही तिघे म्हापशाहून निघालो. मी, शेजारचे अंकल आणि त्यांचा सेमिनारीत पाद्री व्हायला शिकणारा पुतण्या. जुन्या गोव्याला, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला, म्हणजे सणाला. साधारण बावीस किलोमीटर. पंढरीची वारी एकदा केलेल्या माणसाला ही वाट म्हणजे काय, असं घरी ऐटीत सांगून आलो होतो. गिरी येईपर्यंत चपलेने टाच सोलली.

खरं तर हा नवस आईचा. लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा तिने म्हापशाच्या बोडगेश्वराला, तिथल्याच चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला आणि गोंयच्या सायबाला, तिघांनाही बोलून ठेवलं. सायबिणीला तेल गेलं, बोडगेश्वराचंही फिटलं. सायबाचं राहिलं आणि मग तिचे गुडघे गेले. तिला सायबाचं १५४६चं पत्र ठाऊक नाही. मला आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, हवं असं पोर्तुगालच्या राजाला फ्रान्सिस झेवियरनेच कळवलं होतं. ते आलं १५६० साली, तो वारल्यावर आठ वर्षांनी, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. हे डोक्यात घेऊन त्याच्याच दारी नवस फेडायला चालायचं! पण बोललेलं आईने होतं, मी नाही.

पर्वरीच्या चढावर त्यांचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपला आणि काका-पुतण्यांचं सुरू झालं. निमित्त मीच. पिशवीतला प्रसादाचा लाडू काढून मी पुढे केला. पुतण्याने घेतला. अंकलांनी हात जोडले.

मला नवल नव्हतं. अंकल दर चवथीला आमच्याकडे येतात, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी न्याहाळतात, आरती संपेपर्यंत दाराशी उभे राहतात. पण देवाला दाखवलेलं खात नाहीत. म्हणून आई नेवऱ्या तळतानाच त्यांच्यापुरत्या एका डब्यात बाजूला काढते. देवाच्या आधी माणसाला? आजी हयात होती तोवर दर वर्षी कुरकुरायची. आई डबा भरतच राहिली.

पुतण्या म्हणाला, ‘अंकल, १९६५ सालचं चर्चचं जाहीरपत्र वाचा, नोस्त्रा एताते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही.’

‘आणि चर्चचंच २००० सालचं दोमिनुस येसुस कोण वाचणार?’ अंकल म्हणाले. ‘ तारण येशूतूनच, असं त्यात पुन्हा स्पष्ट लिहिलंय.’

‘बायबलात संत पौल तर म्हणतो, पुढ्यात येईल ते खा, चौकशी करू नका.’

‘पुढचं वाच. कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. ह्याची आई मला दर वर्षी सांगते.’

यावर पुतण्याने पोप फ्रान्सिसना पुढे केलं. सप्टेंबर २०२४मध्ये सिंगापूरला तरुणांसमोर ते बोलले होते की सगळे धर्म देवाकडे जाण्याची वाट आहेत, वेगवेगळ्या भाषांसारखे. अंकल रस्त्यातच थांबून हसू लागले. ‘भाषा? गोव्यात?’ मलाही हसू आवरेना. ऐंशीच्या दशकात माझे वडील मराठीच्या मोर्चात होते आणि अंकल कोकणीच्या. वर्षभर दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. डबा मात्र तेव्हाही गेला होता, माझ्या हातून.

पुतण्याचं बोलणं कानाला गोड लागत होतं, नाही म्हणत नाही. पण ‘सगळं एकच’ म्हटलं की मला थोडं अवघडल्यासारखं होतं. मग १५६० नंतर देव उचलून रातोरात नदीपार नेणारे आमचे पूर्वज कशासाठी धावले? अंकलांच्या नकाराचं तसं नाही. तो मला कुठे आहे ते माहीत आहे, किती आहे तेही.

पणजीनंतर रायबंदरचा जुना बांध लागला. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे काळोखी खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची शेतं, पुढेमागे चालणाऱ्यांच्या बॅटऱ्या. कोणी बोलत नव्हतं. इथे मी मनात ज्ञानोबा-तुकाराम धरलं. पाय दुसऱ्या कशावर चालेनात.

बासिलिकेबाहेरच्या मांडवात पहाटेच्या मिसाला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, जागा मिळाली. कोमुन्यांवची, म्हणजे पवित्र भाकरी घेण्याची, रांग लागली तेव्हा मी बसूनच राहिलो. तो घास माझा नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. अंकल उठले. पुतण्याही उठला, क्षणभर माझ्याकडे बघून घुटमळला, आणि काही न बोलता रांगेत गेला. रात्रभर इतकं बोललेला मुलगा. मला त्याची कीव आली, राग नाही.

आईच्या नावाची मेणबत्ती लावली आणि फेरीत, म्हणजे फेस्ताच्या बाजारात, शिरलो. अंकलांनी खाजं घेतलं, गरम, आल्याच्या वासाचं, आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

‘हें कोणाक दाखयल्लें न्हय. खा.’

आईसाठी मी अर्धा किलो बांधायला सांगितलं. ती ते आधी देव्हाऱ्यापुढे ठेवणार, हे अंकलांना माहीत होतं. त्यांनी आपलं पुडकं वेगळं बांधून घेतलं.