डब्यावरचे दोन शब्द

वसुबारसेला आमच्या ठाण्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. हॉलमध्ये चकल्या, बेडरूममध्ये चिवडा, आणि फ्रीजमध्ये फक्त खजूर-सुकामेव्याचे रोल. घरची भाजी शेजारणीकडे. फराळाच्या ऑर्डरी मी १२ वर्षं घेतेय. गेल्या तीन-चार वर्षांत या रोलनी बेसनाच्या लाडवालाही मागे टाकलंय.

त्या सकाळी सहावा घाणा चालू होता. १ किलो खजुराला ७०० ग्रॅम सुकामेवा. खजूर बिनबियांचा आणला तरी एकेक चाचपायचा; बी सापडतेच. बदाम, काजू, अक्रोड वेगवेगळे भाजायचे, कारण बदाम खमंग होईपर्यंत काजू करपलेला असतो. अक्रोड दुकानातच चावून बघायचा, एक खवट निघाला तर सगळ्या घाण्याला वास. मग चमचाभर तुपात खजूर परतायचा. आधी उलथनं हलत नाही, मग एकदम मऊ पडून गोळा कढई सोडतो. तिथेच गॅस बंद. आणखी दोन मिनिटं लोभ केला की रोल चिवट.

तूप लावलेल्या हातानं वळत होते, तेवढ्यात फोन. नेहमीच्या गिऱ्हाईक बाई.

"ताई, तुमचे रोल शुगर फ्री म्हणून बाबांना दिले. काल रात्री त्यांनी सहा खाल्ले. सकाळी मशीनवर शुगर तीनशेच्या वर. डॉक्टरांशी बोललेय, आता बरे आहेत. पण त्यात नक्की काय घालता?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

डब्याच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत 'शुगर फ्री' होतं. डिझाइन भाच्याचं, पण पास मीच केलेलं. सगळेच लिहितात, म्हटलं. पिठाच्या पिशवीवर हिशेब मांडला. २५ ग्रॅमच्या एका तुकड्यात खजूर जवळपास १५ ग्रॅम, म्हणजे साखर ९-१० ग्रॅम. दोन चमचे. सहा तुकड्यांत बारा चमचे साखर मी त्या आजोबांना खाऊ घातली होती. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे 'शुगर फ्री' लिहायला १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमच साखर चालते. परवाना भिंतीवर टांगलाय, हा नियम मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मदतीच्या मावशी सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "पण ताई, खजूर गोड लागतो तो कशानं मग?"

वळायचं काम थांबलं. १८० डबे भरून तयार होते. हेअर ड्रायरनं गरम करत लेबलं सोलली, तरी गोंद राहिलाच. तो खोबरेल लावून पुसला. गेलेल्या डब्यांसाठी मी फोन करत बसले. बहुतेकांनी "बरं झालं सांगितलंत" म्हटलं, काहींनी ऑर्डर रद्द केली. एका गृहस्थांनी मलाच समजावलं, की खजुराची साखर नैसर्गिक असते, ती लागत नाही. त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता.

नवीन लेबल रात्री साध्या प्रिंटरवर काढलं: 'वरून साखर घातलेली नाही, पण खजूर गोडच असतो. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून खावे.'

धनत्रयोदशीला डबे पोचले. संध्याकाळपर्यंत तिघींचे फोन: "काय हो, यंदापासून साखर घालायला लागलात का?"