घाटाचा राजा आणि 131 अंक

गिरगावात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. रोजचं काम म्हणजे थिसिस, वकिलांची जर्नल्स, ऑफिसची रजिस्टरं. परवा दादरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले, पिशव्या भरभरून जुनी इंग्लिश मासिकं, स्पोर्टिंग सायकलिस्ट नावाची. लंडनला असलेला मोठा भाऊ बोटीने पाठवायचा म्हणे. 1955 ते 1968 एवढंच हे मासिक चाललं, एकूण 131 अंक, आणि आजोबांकडे त्यातले बहुतेक सगळे!

मी गंजलेल्या पिना काढायला घेतल्या. पिनेभोवतीचा कागद तपकिरी होऊन कुरकुरीत झालेला, जरा ओढलं की तुकडाच हातात येतो, म्हणून सुरीच्या टोकाने एकेक पाय सरळ करायचा आणि मागून अलगद उपसायची. आजोबा स्टुलावर बसून बघत होते, घरी जायचं नावच घेईनात, मग बोलायलाच लागले.

मला वाटायचं इंग्लंडमध्ये सायकल रेसिंगचे लाड असतील. कसले लाड! तिथल्या संघटनेने एकोणिसाव्या शतकातच रस्त्यावर घोळक्याने रेस लावणं बंद केलेलं, एकेकट्याने पहाटे सुटायचं आणि फक्त वेळ मोजायची. 1942 मध्ये, ऐन युद्धात, पर्सी स्टॅलर्ड नावाच्या सायकलपटूने वेल्समधून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत सगळ्यांना एकत्र सोडून रेस घेतली तर त्यालाच संघटनेतून काढून टाकलं. 1891 पासूनचं सायकलिंग हे साप्ताहिकसुद्धा त्याच्या विरोधात. अशा देशात जॉक वॅडली ह्या पत्रकाराने टूर द फ्रान्ससारख्या युरोपातल्या रेसवर मासिक काढलं, सुरुवातीला नाव होतं कूरर. टीव्हीवर काही दिसायचं नाही, पेपरात दोन ओळी, त्यामुळे तिथल्या पोरांनाही वॅडलीच वाचावा लागायचा आणि दादरच्या ह्या पोरालाही! आजोबांनी मुंबई-पुणे रेस मारलेली आहे. बोरघाटात पहिला येतो तो घाटाचा राजा, तो मान हुकला, पण चढावर सीटवर बसून दम कसा राखायचा ते ह्यातले फोटो बघून शिकलो म्हणाले.

सगळे अंक जुळवून कटिंगला, म्हणजे मशीनवर कडा सारख्या कापायला, लावणार तेवढ्यात कडेला पेन्सिल दिसली. प्रत्येक अंकावर तो हातात पडल्याची तारीख, अगदी काठाला. 13 जुलै 1967 ला इंग्लंडचा सायकलपटू टॉम सिम्पसन टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळून गेला, भयंकर ऊन आणि अंगात अँफेटामिन हे उत्तेजक. त्यानंतरच्या अंकावर आजोबांनी हिशोब मांडलेला, डोंगर 1,900 मीटरच्या वर, खंडाळ्याच्या तिप्पट. तिथे मशीन चालवलं असतं तर सगळं कातरणात गेलं असतं.

मग कटिंग केलंच नाही. कडा खालीवर दिसतात, गिऱ्हाईकं सहसा वैतागतात, पण आजोबा म्हणाले, दिसू देत. घडीवर पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवली आणि एकेक अंक फरम्यासारखा, म्हणजे पुस्तकातल्या घडीच्या गठ्ठ्यासारखा, धरून जुजबंदी शिलाई घातली, घडीतूनच दोरा ओवायचा, म्हणजे समास एक सूतही जात नाही. वेळखाऊ काम आहे, पण असं काम आलं की मला फार बरं वाटतं. पाठीवर सोनेरी अक्षरात दोन्ही नावं टाकली, आधी कूरर, खाली स्पोर्टिंग सायकलिस्ट.

1968 ला हे बंद पडल्यावर वॅडलीने इंटरनॅशनल सायकल स्पोर्ट सुरू केलं, त्याचाही गठ्ठा घरी माळ्यावर आहे म्हणे. नातू रविवारी आणून देतोय.