तुम्ही विचारलंत म्हणून: हिंडलेल्या आजीवर काय लिहायचं?

‘गेलेल्या आजीवर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण "प्रेमळ, कष्टाळू"च्या पुढं गाडी सरकत नाही. डायरी नाही, तारखा नाहीत. लिहायचं काय?’ गावोगावचे नातू-नाती हेच विचारतात.

आधी एक, तेरवीची घाई करू नका. वर्षश्राद्ध धरा. तेरा दिवसांत फक्त विशेषणं जमतात.

तारखा सरकारी दप्तरात असतात. आधारवरची 1 जानेवारी मात्र खरी धरू नका, ती बहुतेकदा अंदाजे वयावरून टाकलेली असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा. तिथं आजीच्या नावानं शोधलं तर हात हलवत परत याल. जुन्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढं नुसतं ‘मुलगी’ एवढंच सापडतं, त्यातून लग्नात नाव बदललेलं. माहेरचं गाव, तिच्या बापाचं आणि आज्याचं नाव, अंदाजाच्या पाच वर्षं मागं-पुढं, एवढं घेऊन जा. आजोबा गेल्यावर वारसांची नोंद फेरफार पंजीत (जमिनीच्या हक्कबदलाच्या वहीत) होते, पण कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे.

हिंडलेली बाई मात्र दप्तरात नसते, ती सोबतिणींजवळ असते. पोह्यासोबत, म्हणजे यात्रेकरूंच्या जथ्यासोबत, मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या महादेवाला गेलेली, नागपंचमीच्या सुमारास तिथल्या नागद्वारीच्या निसरड्या वाटेनं चढलेली बाई घराघरांत आहे, आणि पुस्तिकेत ती ‘धार्मिक वृत्तीची’ होऊन बसते! धार्मिक कसली, भर पावसात सातपुडा तुडवलेली बाई ती.

सोबतिणीला ‘ती कशी होती?’ विचाराल तर ‘लय चांगली होती बापा’ एवढंच येईल. त्यापेक्षा विचारा: रोडगे शेकायला पावसात कोरड्या गवऱ्या कुठून आणल्या? लुगडं भिजल्यावर बदललं कुठं? लहान पोर कोणाजवळ ठेवलं? भाड्याचे पैसे कापूस वेचणीचे होते की घरून मागितले? मग अर्धा तास तोंड थांबत नाही. नागपूरहून छिंदवाड्यापर्यंत छोट्या लाईनीनं (नॅरोगेज रेल्वेनं) गेल्या असतील तर ते 2015 पर्यंतचं, कारण ती गाडी त्या वर्षाअखेरीस बंद झाली.

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न वायाच जातो. सरकारनं वाटलेली सुकडी खाल्लेल्या 1972 च्या दुष्काळाआधी की नंतर? तुकडोजी महाराज गेले (ऑक्टोबर 1968) तेव्हा? वर्धा नदीकाठच्या मोवाडचा पूर आला (जुलै 1991) तेव्हा? सगळ्यात पक्का प्रश्न, ‘तेव्हा कडेवर कोण होतं?’ त्या पोराच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेवरून साल बरंच जवळ येतं.

बोलणं टिपताना पंखा बंद ठेवा, मोबाईल विमान मोडवर टाकून हातभर अंतरावर, रुमालावर ठेवा. खाटेवर ठेवला तर प्रत्येक करकर त्यात उतरते. पाऊण तासाच्या वर बसू नका, म्हातारी थकते आणि मग हो ला हो म्हणते.

फ्रेममधला जुना फोटो ओल धरून काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, सावलीत, फ्लॅश न लावता, जरा तिरपा धरून टिपा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत नाकडोळे पुसट येतात. सुटा फोटो सोबतिणीला दाखवा आणि रांगेतल्या बायांची नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहून घ्या. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो.