बसून ठीक, आडवं झालं की नाही

आमच्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: पीएफटी (फुप्फुसांच्या कामाची तपासणी) करावी, दमा आहे का. त्या दिवशीच्या कागदावर खाली आणखी एक शब्द होता, 'खाण'. डिचोलीकडचे गृहस्थ, साठीला टेकलेले. उमेदीची वर्षं खनिजाचा ट्रक चालवण्यात गेली, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकही विकला. गोव्यात हा शब्द कागदावर आला की पुढचा विचार थांबतो. धूळ खाल्ली, फुप्फुसं गेली, विषय संपला. त्यांच्या पिशवीत दोन इन्हेलर होते, नेब्युलायझरची औषधं होती, हृदयाचा नॉर्मल इको होता, आणि कुणीतरी घरी लावायला सांगितलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची पावती होती.

पीएफटी म्हणजे यंत्रात फुंकायचं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण फुंकून घेणारा कोण, यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासायचं, खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता भरायची. मग माणूस. नाकाला चिमटा, ओठ घट्ट, छाती भरून श्वास आणि 'फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!' तीनदा नीट जमलं पाहिजे, आणि त्यातले सर्वांत चांगले दोन आकडे एकमेकांपासून दीडशे मिलिलिटरच्या आत हवेत. घाबरलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या, हसू न आवरणाऱ्या, सगळ्यांकडून मी हे काढून घेते, आणि त्याचा मला अभिमान आहे. 'रुग्णाने सहकार्य केले नाही' असे शेरे घेऊन बाहेरचे रिपोर्ट येतात तेव्हा राग येतो. बऱ्याचदा त्या माणसाला काय करायचं ते कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

काका उत्तम फुंकले. दम्याच्या माणसाची रेघ उतरताना आत खचते. यांची सरळ उतरली, फक्त लहान होती. एकूण हवा २.१ लिटर, म्हणजे अपेक्षेच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेला वाटा ८२ टक्के. श्वासनळ्या मोकळ्या, दमा नाही. धुळीने फुप्फुस आकसलं म्हणावं, तर सीटी स्कॅनमध्ये तसं काही नव्हतं. तळाशी थोडा भाग दबलेला आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, वर चढलेलं, इतकंच.

मी चिमटा काढला तेव्हा काकी म्हणाल्या, "बाय, हे खाटेवर निजतच नाहीत. आरामखुर्चीत रात्र काढतात." आडवं झालं की मिनिटभरात उठून बसावं लागतं, सकाळी डोकं जड असतं. काका भजनी मंडळातले. चतुर्थीला विठ्ठलाच्या आरतीत जो लांब सूर एका दमात ताणायचा असतो, तो या वर्षी त्यांना धरता आला नाही. "घरात सगळे ताणत होते आणि मी मध्येच तोंड मिटलं," ते म्हणाले. मग मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलेला. शर्टाची बटणं काकी लावून देत होत्या.

आमची तपासणी नेहमी बसवून होते. झोपवून करायची असेल तर डॉक्टरांनी तसं लिहावं लागतं, आणि छापील अर्जात त्यासाठी चौकटच नाही. मी विचारायला गेले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, बाहेर रांग बघा. रांग होतीच. पण तिथे उभी असलेली एक निवासी डॉक्टर सगळं ऐकून म्हणाली, "चला, मी येते." नुकतीच एमबीबीएस झालेली मुलगी. ती आली नसती तर काका तिसरा इन्हेलर घेऊन घरी गेले असते, याची मला खात्री आहे.

त्यांना टेबलावर सपाट झोपवलं. श्वास घेताना पोट वर यायला हवं, त्यांचं आत जात होतं. निवासी डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, बोललो कुणीच नाही. पहिली फुंक झाल्यावर त्यांना उठवून बसवलं, दम परत येऊ दिला, मग दुसरी. १.३ लिटर. निरोगी माणसात आडवं झाल्यावर हा आकडा साधारण दहा टक्क्यांपर्यंत उतरतो. तीस टक्क्यांहून जास्त घसरला तर श्वासपटल लुळं पडल्याची दाट शंका घ्यायची. इथे घसरण ३८ टक्के होती.

उभं किंवा बसलेलं असताना पोटातले अवयव आपल्या वजनाने खाली असतात, त्यामुळे कमजोर श्वासपटलाचंही निभावतं. आडवं झालं की तेच अवयव त्याला वर ढकलतात. आणि स्वप्नं पडणाऱ्या झोपेत छातीचे आणि मानेचे मदतनीस स्नायू जवळजवळ थंडावतात, श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. म्हणजे हा आजार रात्री दिसतो आणि आपण त्याला दिवसा, खुर्चीत बसवून शोधतो. त्यात नुसता ऑक्सिजन लावला की बोटावरचा आकडा छान दिसतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. त्यांच्या रक्ततपासणीत तो साचलेलाच निघाला. कॉन्सन्ट्रेटर म्हणजे घरात आणून ठेवायचं सुरक्षित यंत्र, अशी समजूत कोविडपासून पसरली आहे. ती घातक आहे.

पुढचं न्यूरॉलॉजीने केलं. जिभेवर बारीक थरथर, ईएमजी (स्नायूंतली वीज मोजणारी तपासणी), निदान मोटर न्यूरॉन डिसीज. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. बहुतेकांत सुरुवात हातापायांपासून किंवा बोलण्या-गिळण्यापासून होते, थोड्यांत थेट श्वासापासून.

न्यूकॅसलच्या स्टीफन बर्क आणि सहकाऱ्यांचा २००६ मधला, लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आलेला अभ्यास मला विभागातल्या एका वाचनसत्रामुळे माहीत होता. त्यांनी या आजाराच्या ९२ जणांवर लक्ष ठेवलं. आडवं झाल्यावर धाप लागणं आणि श्वास ओढण्याची ताकद अपेक्षेच्या साठ टक्क्यांखाली जाणं, किंवा कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणं, अशी वेळ आली त्या ४१ जणांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली: २२ जणांना मास्कवाटे श्वास देणारं यंत्र, १९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. ज्यांचे घशा-तोंडाचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत होते त्यांच्यात यंत्रवाल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) २०५ दिवसांनी जास्त भरलं. ज्यांचे ते स्नायू फार कमजोर झाले होते त्यांची झोपेची लक्षणं सुधारली, पण आयुष्य वाढलं नाही. आज जगभर बायपॅप (हेच मास्कवाटे श्वास देणारं यंत्र) लावला जातो त्याच्या आधारात या छोट्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्या १९ जणांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. आपल्या वाट्याला यंत्र येणार नाही, ही शक्यता पत्करून ते अभ्यासात आले होते.

काकांचा मुलगा दुबईला असतो. फोनवर त्याने विचारलं, श्वासपटलाला पेसमेकर बसवतात म्हणे, तो बसवूया का? पैसे उभे करतो. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं की ब्रिटनमध्ये ७४ रुग्णांवर तेही पाहिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला: पेसर आणि यंत्र दोन्ही असलेल्यांचं मध्यक आयुष्य ११ महिने, नुसत्या यंत्रावरच्यांचं २२.५ महिने. जे उपयोगी वाटलं होतं त्याने नुकसानच केलं. एवढं स्पष्ट छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला आदर आहे. त्या पोराचं कर्ज वाचलं.

बायपॅप घरी गेला. पंधरवड्यात काकी सांगत आल्या की ते खाटेवर निजतात, सकाळचं डोकं गेलं, इन्हेलर बंद केले.

गेल्या महिन्यात ते परत तपासणीला आले. बसून आकडा पूर्वीपेक्षा बराच कमी. पण मी आकड्याआधी आवाज ऐकला: तोंडातल्या नळीच्या कडेने हवा सुटत होती. मी नळी बदलली, ओठ माझ्या बोटांनी दाबून धरले, तरी सुटली. या खोलीत ही रोजची बाब आहे, बहुतेकदा कवळीमुळे होते. काकांचे दात त्यांचे स्वतःचे आहेत.

"फुंक कमी पडली का गो बाय?"

"फुंक चांगली होती काका. ओठांतून हवा सुटते, म्हणून आकडा कमी येतो."

हे खरंच होतं. ओठ गळत असतील तर तोंडाने मोजलेला आकडा भरवशाचा राहत नाही, नाकातून जोरात श्वास ओढून ताकद मोजावी लागते. पण ओठ सैल पडणं म्हणजे काय आणि त्या अभ्यासातल्या कोणत्या गटाकडे ते सरकत आहेत, हे मला माहीत होतं. ते सांगायचा अधिकार माझा नाही, आणि असता तरी त्या क्षणी कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. रिपोर्टच्या शेऱ्यात मी लिहिलं: ओठांची पकड अपुरी, आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता. निवासी डॉक्टरने तो शेरा दोनदा वाचला आणि गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.

नाकातून मोजायचं उपकरण आमच्याकडे नाही. त्याची मागणी मी लेखी दिली आहे, आणि सोबत अर्जात 'बसून / झोपून' अशी चौकट छापावी असंही लिहिलं आहे. मागणीवर अजून सही झालेली नाही. काकांची पुढची तारीख याच महिन्यात आहे.